हजेरीच्या जोरावर पोर्तुगाल

मी पोर्तुगालला गेले ती बसून. म्हणजे विमानात सगळेच बसून जातात. मी त्याआधी दोन वर्षं डहाणूच्या आमच्या कॉलेजच्या सभागृहात बसले होते, आणि त्या बसण्याचं बक्षीस म्हणून मला तीन आठवडे परदेशी शिकायला पाठवण्यात आलं. कुणी हुशारीवर जातं, कुणी बापाच्या पैशावर. मी खुर्चीवर गेले.

झालं असं, की एका वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून चुरीकाका आले. डहाणूच्या चिकूवाडीवाल्या घरातले, आमच्याच कॉलेजात शिकलेले, पुढे लिस्बनला हॉटेलांच्या धंद्यात स्थिरावलेले. ते बोलायला उभे राहिले तेव्हा समोर अकरा जण होते आणि त्यांतले चार माईकवाल्याचे. काकांनी भाषण पूर्ण केलं, शाल-श्रीफळ घेतलं आणि जाताना प्राचार्यांना म्हणाले, "पोरांना यायला काहीतरी कारण द्या." कारणही त्यांनीच दिलं. दोन वर्षांत कॉलेजच्या कार्यक्रमांना सर्वांत जास्त हजर राहील त्या एका विद्यार्थ्याला ते पोर्तुगालमधल्या एका अभ्यासक्रमाला स्वतःच्या खर्चाने पाठवणार.

अंमलबजावणी सावे सरांकडे आली. सर मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात सतरंज्या मोजायचे. त्यांनी प्रत्येकाला एक निळं कार्ड दिलं. एक कार्यक्रम, एक शिक्का. "मन कुठे होतं ते आम्ही विचारणार नाही," सर म्हणाले, "देह आणा."

देह आले. ओझोन दिनाला लोक खिडकीत बसले. हस्ताक्षर सुधार कार्यशाळेला ज्यांना अक्षरच काढायचं नव्हतं तेही आले. मुलाखतीला जाताना बूट कसे असावेत यावर मुंबईच्या एका बाईंनी दोन तास घेतले, आणि पहिल्या तीन रांगा स्लिपरमध्ये होत्या. सर्पमित्र आले त्या दिवशी त्यांची धामण पिशवीतून सुटली आणि व्यासपीठाखाली गेली. कोणी हललं नाही. शिक्के शेवटी मारतात हे सगळ्यांना माहीत होतं.

मी मूळची वेवजीची. तलासरी तालुक्यातलं आमचं गाव गुजरातला इतकं चिकटून आहे की कॉलेजला जायलाही मला आधी परराज्यात जावं लागायचं. उंबरगावला गाडी पकडायची आणि डहाणूला उतरून महाराष्ट्रात परत यायचं. त्यामुळे परदेशाचं मला काही अप्रूप नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. बाबांचं अच्छाडला हायवेवर ट्रकच्या पंक्चरचं दुकान आहे. लहानपणापासून तिथे बसून मी पंजाबपासून केरळपर्यंतच्या नंबरप्लेटा वाचल्या. सगळा देश आमच्या दारावरून जायचा आणि आम्ही त्याच्या चाकात हवा भरायचो. एकदा आपणही कुठेतरी निघून जावं असं मला फार वाटायचं.

सभागृहात माझ्या शेजारी बसायची कल्पना. डहाणूजवळच्या आगरची, घर मासेमारीचं. पहिले काही कार्यक्रम ती फक्त समोशासाठी आली होती आणि ते तिने लपवलंही नाही. पाहुणे मंचावरून व्यक्तिमत्त्व विकास सांगत असायचे आणि कल्पना माझ्या कानात बोंबील सांगत असायची. कोणता वारा सुटला की माल काळा पडतो, कोणता व्यापारी ओला माल सुका म्हणून उचलतो, आई कशी वासावरून सांगते की कालचा की परवाचा. तिला गप्प बसता यायचं नाही. मला झोप यायची. अशा रीतीने दोघींची कार्डं भरत गेली, आणि दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत लक्षात आलं की बाकीचे मागे पडलेत. आम्ही दोघी बरोबरीत होतो. मैत्रीण म्हणून मला आनंद व्हायला हवा होता.

शेवटून दुसरा कार्यक्रम रक्तगट तपासणीचा. त्या दिवशी टेबलावर शिक्का घेऊन मी बसले होते, कारण सरांना दातांचं काम होतं. कल्पनाने बोट टोचून घेतलं, कागद घेतला, आणि तेवढ्यात तिला घरून फोन आला. बोट किनाऱ्याला लागली होती, मासळी बेसुमार होती, आईला हात कमी पडत होते. तिने कार्ड माझ्यासमोर टाकलं.

"रोशनी, शिक्का मारून ठेव गो. उद्या घेते." आणि पळाली.

शिक्का माझ्या हातातच होता. मी कार्ड तसंच वहीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत मी स्वतःला सांगत होते की राहून गेलं, नंतर मारू. दुसऱ्या दिवशी कार्ड परत दिलं तेव्हा काहीही राहून गेलेलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

निकालाच्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर कार्डं मोजली. माझा एक जास्त. कल्पना म्हणाली, "माझा एक कमी कसा?" सर म्हणाले, "कार्डावर आहे तेच खरं." तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कुठेतरी राहिला असेल." ती जरा वेळ कार्ड उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "असूदे," आणि माझ्या हातावर पेढा ठेवला, जो खरं म्हणजे मी तिला द्यायचा होता.

दोन हजार सतराच्या मे महिन्यात मी निघाले. वेवजीत सगळ्यांचा एकच प्रश्न. "पोर्तुगाल? दमणवाले जातात ते? मग तिथून लंडनला कधी?" दमणचे लोक पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडन गाठतात, त्यामुळे आमच्याकडे पोर्तुगाल म्हणजे मध्ये लागणारं स्टेशन. तिथे कोणी उतरतं हेच लोकांना पटेना. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. बाबांनी बॅगेची चाकं तपासली, दाबून पाहिली, आणि कंपनीने चांगला माल वापरलाय असं प्रमाणपत्र दिलं.

समुद्रकाठचं शहर

अभ्यासक्रम लिस्बनच्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात होता. विषय होता किनाऱ्यावरच्या लोकांचं जगणं. वर्गात आम्ही बारा जण, बारा देशांचे. शिकवणाऱ्या बाईंचं नाव इनेश. पस्तिशीच्या, काटक, सायकलवरून यायच्या. पहिल्या भेटीत त्या माझ्या गालाजवळ गाल आणायला लागल्या तेव्हा मला वाटलं, कानात काही सांगायचंय. मी कान पुढे केला. दोघींची नाकं आपटली. तिकडे असं दोन्ही गालांना गाल लावून नमस्कार करतात हे मला तोपर्यंत कोणत्याही मार्गदर्शन शिबिरात सांगितलं नव्हतं. बूट मात्र माझे व्यवस्थित होते.

दिवस मावळायला साडेआठ वाजायचे, त्यामुळे पहिले तीन दिवस मी सातला जेवायला जाऊन बसायचे आणि खानावळीचा मालक माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचा. पाव मात्र घरचा निघाला. नावही जवळपास तेच, आणि पाव म्हटलं की पुढ्यात पावच यायचा. बटाट्याला ते 'बताता' म्हणतात. हे कळल्यावर मी खानावळीत इतक्या आत्मविश्वासाने वावरायला लागले की एकदा 'कांदा' असंही म्हणून पाहिलं. तिथे गाडी थांबली.

सार्डिन म्हणून मासळी मिळते, निखाऱ्यावर भाजलेली, डोक्यासकट. वर्गातले बाकीचे काट्या-चमच्याने तिच्याशी वाटाघाटी करत होते. मी हाताने सात संपवल्या आणि माशांचे नुसते काटे ताटाच्या कडेला मांडले. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्या आदरातच पुढचा घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी इनेशबाईंनी नकाशावर डहाणू काढलं. समुद्राला लागून.

"तुमच्याकडे मासे सुकवतात?"

"हो."

"तूही?"

खरं उत्तर होतं, मी हायवेवरची आहे, बोंबील मला ताटात भेटतो. मी म्हटलं, "लहानपणापासून."

मग त्यांनी मला बोलायला उभं केलं, आणि मी अर्धा तास बोलले. वारा, दोऱ्या, काळा पडलेला माल, वासावरून तारीख ओळखणारी आई. सभागृहात कल्पनाने कानात ओतलेलं सगळं. मला वाटलं होतं मी झोपले होते. बाकीचे अकरा जण भराभर लिहून घेत होते. एक मुलगा तर माझ्या आईच्या नाकाबद्दल दोनदा विचारून गेला. माझ्या आईला सर्दी असते बाराही महिने.

नाझारे

दुसऱ्या आठवड्यात इनेशबाई आम्हाला नाझारेला घेऊन गेल्या. हे कोळ्यांचं गाव. एका अंगाला उंच कडा, खाली लांबलचक वाळू, आणि वाळूवरच बायका मासे सुकवतात. लाकडी चौकटी, त्यांवर जाळी ताणलेली, आणि त्या जाळीवर पोटातून चिरून पुस्तकासारखी उघडलेली मासळी ओळीने मांडलेली. वास आला आणि मी डोळे मिटले. वास आगरचा होता, फक्त थंड.

बाकीच्यांना वहीत लिहायचं होतं. मला मात्र बाईंनी खास मान दिला. "आमच्या तज्ज्ञ बाई आज प्रत्यक्ष काम करतील," असं काहीसं त्या पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या आणि मला दोना लुर्देशच्या ताब्यात दिलं. दोना म्हणजे तिकडचं 'बाई'. सत्तरी उलटलेली, बुटकी, कमरेला एप्रन, खाली एकावर एक घातलेले परकर. मी ते मोजायला लागले तर तिने असं पाहिलं की मी चारवर थांबले. तिने माझ्या हातात सुरी दिली, दुसऱ्या हातात मासा दिला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

मी मासा धरला. तो सुटला. परत धरला. सुरी त्याच्या पोटाऐवजी माझ्या अंगठ्यात गेली. दोना लुर्देश काहीतरी बोलली आणि आजूबाजूच्या चार बायका खो-खो हसल्या.

"काय म्हणाल्या?" मी इनेशबाईंना विचारलं.

त्या जरा संकोचल्या. "त्या विचारतायत, तुमच्याकडे मासे स्वतःच स्वतःला कापतात का?"

अंगठ्याला फडकं बांधून मी बाजूला गेले आणि कल्पनाला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे दुपारचे साडेतीन झाले असतील. ती वाळूवरच होती, डोक्याला फडकं, मागे बोंबलांच्या रांगा.

"पोचलीस तर फोन करायचा ना! बारा दिवस झाले!"

"कल्पना, मासा पोटातून कसा चिरतात?"

"का गो, तिथे कापून देणारं कोणी नाही?"

मी तिला सुरी आणि मासा दाखवला. ती ओरडलीच. "उलटा धरलास! पाठीतून दाब. अंगठा आत. अगं तुझा अंगठा कुठाय?" तो आवाज ऐकून दोना लुर्देश उठून आली, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यात तोंड घातलं. पुढची वीस मिनिटं मला कोणी विचारलं नाही. ही पोर्तुगीजमध्ये बोलत होती, ती मराठीत. म्हातारीने जाळी दाखवली. कल्पनाने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर कसे टाकतात ते दाखवलं. म्हातारी "आ!" म्हणाली आणि शेजारणीला हाक मारली. कल्पनाने बोटांनी माशी उडवून भुवया वर केल्या: माश्यांचं काय करता? म्हातारीने मिठाच्या पाण्याचं पिंप दाखवलं, मग वरून घालायची बारीक जाळी दाखवली. कल्पनाने कपाळावर हात मारून घेतला. तिला काहीतरी कळलं होतं, जे मला आजही नीट सांगता येणार नाही. इनेशबाई भाषांतराला पुढे आल्या तर म्हातारीने त्यांना हाताने बाजूला केलं.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा कल्पनाचा चेहरा लाल झाला होता.

"तुझ्यामुळे बघितलं गो मी हे," ती म्हणाली. "कोणी म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं. तीपण आईसारखीच मिठाला शिव्या देते."

बाकी काही म्हणाली असती तर मी सांगितलं नसतं. ती आभार मानायला लागली.

"कल्पना, तुझ्या कार्डावर तो शिक्का मी मारला नाही."

"कुठला?"

"रक्तगटाचा. राहिला नव्हता. मुद्दाम मारला नाही."

तिच्या बाजूने वारा ऐकू येत होता, माझ्याही. ती फोनमध्ये बघत होती, पण माझ्याकडे नाही.

"बी पॉझिटिव्ह," ती म्हणाली. "माझा रक्तगट. त्या दिवशीच कळला." आणि तिने फोन ठेवला.

मी स्टुलावर येऊन बसले. दोना लुर्देशने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा मासा दिला. संध्याकाळपर्यंत मी चाळीसेक मासे चिरले. शेवटचे पाच-सहा माशांसारखे दिसत होते.

परत येताना बसमध्ये मी इनेशबाईंना सांगितलं की लहानपणापासून मी फक्त पंक्चर बघितलंय, आणि वर्गात जे बोलले ते आगरच्या कल्पनाचं आहे. त्यांनी वही काढून माझं नाव खोडलं आणि विचारलं, "कल्पनाचं स्पेलिंग सांग." शेवटच्या सादरीकरणात मला ट्रकचे टायर हा विषय मिळाला. तो मात्र मी उत्तम केला.

लिस्बन

निघायच्या आदल्या दिवशी चुरीकाकांनी दुपारी जेवायला बोलावलं. त्यांच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल, समोर उतरती गल्ली, गल्लीतून पिवळी ट्राम खडखडत चढत होती. काका साठीचे, बारीक, बोलताना अजून डहाणूचेच. त्यांनी माझ्यासाठी वरण-भात करून घेतला होता. मला खरं म्हणजे परत सार्डिन हव्या होत्या.

"सभागृह भरतं का आता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"भरतं. धामण सुटली तरी कोणी उठत नाही."

काका खूश झाले. "आणि शिकतात काही?"

"शिक्के मोजायला शिकतात." मी भात कालवत राहिले. "काका, तुमच्या योजनेसाठी लोक चोरीसुद्धा करायला लागले."

"कोणी केली?"

"मी."

मी सगळं सांगितलं. काका आधी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि वेटर पाणी घेऊन धावत आला. "भाषण ऐकायला बसायचं, त्यासाठी चोरी! आमच्या वेळी भिंतीवरून उड्या मारून पळायचे गं लोक." मग डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाले. "ती पोरगी कोणाची?"

"आगरची. वडील बोटीवर असतात, आई मासे सुकवते."

"माझा बाप आगरहून मासळी घ्यायचा." त्यांनी ताट बाजूला सारलं. "पुढच्या वर्षी तिलाही पाठवता येईल. पण मी इथून फोन करून सांगितलं तर ती काय समजेल? शेठने दया केली. तू जा. तू सांग. आणि ती शिव्या देईल त्या सगळ्या ऐकून घे, मध्येच उठू नकोस. बसायची तुला सवय आहे."

आगर, पहिल्यांदा

मुंबईला उतरल्यावर मी घरी एक रात्र काढली आणि सकाळी आगरला गेले. दोन वर्षं शेजारी बसून मी कल्पनाच्या घरी एकदाही गेले नव्हते. घरासमोर वाळू, वाळूवर बांबूंचे मांडव, बांबूंना दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. ती दोरीवरून सुकलेला माल काढत होती. मला पाहून काढतच राहिली.

मी काकांचा निरोप सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"सरांना सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"आज सांग. चल."

आम्ही रिक्षाने कॉलेजात गेलो. सुट्टी लागलेली, सावे सर एकटेच सतरंज्या उन्हात घालत होते. मी सांगून टाकलं. सरांनी कपाट उघडून कार्डांचा गठ्ठा काढला, कल्पनाचं शोधलं, चष्मा पुसला.

"पण आता मागची तारीख कशी घालू?"

"तारीख नको सर," कल्पना म्हणाली. "शिक्का मारा."

सरांनी मारला. शाई वाळली होती, म्हणून दोनदा मारला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आवाजाने लाज वाटली.

बाहेर आल्यावर कल्पनाने मला शिव्या दिल्या. कॉलेजच्या फाटकापासून डहाणू स्टेशनपर्यंत, मध्ये एकदा उसाचा रस पिण्यापुरत्या थांबवून. त्या इथे देत नाही. त्यांतल्या निम्म्या बोटीवरच्या होत्या. स्टेशनवर ती म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात मी जाईन. पण पाऊस लागायच्या आधी सगळं सुकवून भरून ठेवायचं असतं. आईजवळ कोण?"

"बघू कोणीतरी—"

"तू ये."

"मला येत नाही ते."

"लहानपणापासून येतं ना तुला?" ती म्हणाली. बसमधली कबुली मीच तिला रिक्षात उत्साहाने सांगून बसले होते.

आगर, तीन आठवडे

दोन हजार अठराच्या मे महिन्यात कल्पना विमानात बसली आणि मी बॅग घेऊन आगरला राहायला गेले. वेवजी ते आगर हा प्रवास पोर्तुगालपेक्षा अवघड ठरला, कारण इथे कोणी मला तज्ज्ञ समजत नव्हतं.

कल्पनाच्या आईचं नाव हिराबाई. सगळे तिला हिरामाय म्हणतात. पहिल्या दिवशी तिने माझे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि सोडून दिले. एवढीच मुलाखत. सकाळी बोट लागली की टोपल्या यायच्या. ओला बोंबील म्हणजे हाडं नसलेला जेलीचा गोळा, पण त्याच्या तोंडात दात असतात आणि ते खरे असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हिरामाय बोलता बोलता एका दमात शंभर जोड्या लावायची. माझ्या जोड्या लग्न मोडल्यासारख्या सुटून खाली वाळूत पडायच्या. वाळूत पडलेला बोंबील परत धुवायचा, आणि तो धुताना हिरामाय आकाशाकडे बघून कल्पनाचं नाव घ्यायची.

जेवणात रोज तांदळाची भाकरी आणि जे उरलं असेल त्याचं कालवण. कुत्री, कावळे आणि शेजारपाजारच्या कोंबड्या या तिघांपासून माल राखायचं काम माझ्याकडे होतं, आणि तेवढ्यात मी बरी होते. अच्छाडला ट्रकवाल्यांवर ओरडून माझा घसा तयार होता. दुसऱ्या आठवड्यात एक व्यापारी आला आणि माल ओलसर आहे म्हणून भाव पाडायला लागला. मी त्याच्याशी गुजरातीत सुरू झाले. तो वापीचा होता. शेवटी तो हात जोडून उठला आणि हिरामायला म्हणाला, "ही कोण?" हिरामाय म्हणाली, "बदली."

माश्यांसाठी बारीक जाळी मात्र कल्पनाने वर्षभरापूर्वीच आणून सुकटीवर घातली होती. आगरमधल्या बायका आधी हसल्या होत्या. मी गेले तेव्हा तीन घरांपुढे जाळ्या होत्या.

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पनाचा व्हिडिओ कॉल आला. तोपर्यंत तिने फोन केले होते ते नुसते आवाजाचे. हिरामायला बोलणारी चित्रं आवडत नाहीत. पण त्या दिवशी मी जबरदस्तीने फोन तिच्यासमोर धरला. पलीकडे नाझारेची वाळू होती. तो कडा, जाळ्या, मासळी, निळाभोर दर्या, आणि कल्पनाच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली दोना लुर्देश. कल्पना एकामागून एक दाखवत होती. हे बघ आई, हे त्यांचं पिंप. हे बघ, इथे होड्या ओढतात. हे बघ, इथून पुढे पाणीच पाणी, पार अमेरिकेपर्यंत.

हिरामायने हातातली बोंबलांची जोडी दोरीवर टाकली, हात लुगड्याला पुसले आणि फोनच्या अगदी जवळ येऊन डोळे बारीक करून पाहिलं. दर्याकडे नाही, म्हातारीकडे नाही. बराच वेळ पाहिलं.

मग मला म्हणाली, "तिला सांग, केस बांध म्हणावं. वारा आहे."

मी सांगितलं. तिकडे कल्पनाने केस बांधले.